प्रोजेक्ट रिपोर्टला पैकीच्या पैकी, मग थिसिसवरच लाल शेरे का? इंजिनिअरांचं घोडं नक्की कुठं अडतं?

समजा, अकोले तालुक्यातला एक मुलगा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर संगमनेरला सिव्हिल इंजिनिअरिंग. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याने गावाजवळच्या सिमेंट बंधाऱ्यावर केला. सर्वे केला, पाणलोट क्षेत्र काढलं, साठवण क्षमता मोजली, एस्टिमेट मांडलं. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले आणि मार्कही भरघोस मिळाले.

पुढं त्याला वाटलं, आपल्या भागातल्या पाण्याच्या प्रश्नावर नीट अभ्यास करावा. म्हणून त्याने संशोधनाला प्रवेश घेतला. त्याच बंधाऱ्यावर पहिलं प्रकरण लिहिलं आणि गाईडच्या टेबलावर ठेवलं. आठवड्याने कागद परत आले तेव्हा समासात लाल पेनाने चार शेरे पुन्हा पुन्हा लिहिलेले होते.

"मग काय?"

"कशावरून?"

"हे आधी कोणी म्हटलंय का?"

"म्हणजे नक्की काय?"

आकडे बरोबर, नकाशा बरोबर, गणितं बरोबर. मग चुकलं कुठं?

हा मुलगा काल्पनिक आहे, पण त्याची अडचण खरी आहे. टेक्निकल शिक्षण घेऊन संशोधनाकडे वळणाऱ्या बहुतेकांना ती येते. अनेकांचं एखादं वर्ष यातच जातं. काहीजण तर "आपल्याला लिहिताच येत नाही" असं ठरवून मध्येच सोडून देतात. खरं तर त्यांना लिहिता येत असतं. फक्त ते दुसऱ्या प्रकारचं लिखाण करत असतात.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न जास्त का जाणवतो?

कारण या जिल्ह्यात टेक्निकल शिक्षण लवकर आलं आणि थेट गावात आलं. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी नगर जिल्ह्यात तीन कॉलेजं उभी राहिली. लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी. तिन्ही साखर कारखान्यांच्या सहकारी पट्ट्यातली. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर त्याच्याही आधीचं, 1968 सालचं.

थोडक्यात, ज्या घरात आधीच्या पिढीत कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या घरातली मुलं इंजिनिअर आणि कृषी पदवीधर झाली. मोजायचं कसं, डिझाइन कसं करायचं, पिकाची चाचणी कशी लावायची, हे त्यांना पक्कं शिकवलं गेलं. पण चार पानं सलग मांडणी करून वाचणाऱ्याला एखादी गोष्ट पटवून द्यायची कशी, हा विषय त्यांच्या वेळापत्रकात फारसा नव्हताच.

आता तर रस्ता आणखी मोकळा झालाय. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांची, म्हणजे आठ सेमिस्टरची पदवी किमान 75 टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला मास्टर्स न करता थेट पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं. 2024 मध्ये अशा पदवीधरांना नेट परीक्षाही खुली झाली, तीसुद्धा पदवीच्या विषयाचं बंधन न ठेवता. म्हणजे दार उघडलंय, पण आत गेल्यावर लागणारी लिखाणाची सवय ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.

मुळात फरक काय?

प्रोजेक्ट रिपोर्ट सांगतो, "हे असं केलं आणि हे असं चाललं." तो वाचणाऱ्याला काम समजून घ्यायचं असतं, वापरायचं असतं किंवा मंजूर करायचं असतं. लिहिणाऱ्याचं म्हणणं खरं आहे, हे तो साधारण गृहीत धरतो.

संशोधनाचं लिखाण सांगतो, "माझं म्हणणं असं आहे आणि ते तुम्ही का मान्य करावं याची कारणं ही." इथं वाचणारा काहीच गृहीत धरत नाही. तो समोरच्या बाकावरच्या वकिलासारखा बसलेला असतो. दुष्टपणा म्हणून नाही, ते त्याचं कामच आहे.

हे समजून घ्यायला जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार.

1972 च्या दुष्काळाने पोळलेलं हे गाव. 1989 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर समतल चर खोदले गेले, बंधारे झाले, झाडं लागली. त्यासोबत गावाने नियमही केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखं जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही आणि पाऊस बघून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. 2020 च्या पद्मश्री यादीत पोपटरावांचं नाव आलं.

आता आपल्या इंजिनिअरने यावर रिपोर्ट लिहिला तर तो काय लिहील? किती चर खोदले, बंधाऱ्यांची क्षमता किती, खर्च किती, विहिरींची पातळी आधी किती आणि नंतर किती. शेवटी एक वाक्य, "त्यामुळे बंधाऱ्यांमुळे पाणी वाढले."

आणि नेमक्या त्या वाक्याखाली लाल रेघ येते. का? ते चारही शेरे एकेक करून बघू.

पहिला शेरा : "कशावरून?"

पाणी वाढलं हे कबूल, पण ते बंधाऱ्यांमुळेच वाढलं कशावरून? त्या वर्षांत पाऊसच जास्त झाला असेल. किंवा पाणी तेवढंच मुरलं असेल, पण बोअर आणि ऊस बंद झाल्याने उपसा कमी झाला असेल. किंवा दोन्हीचा थोडाथोडा परिणाम असेल.

इथं फक्त आधीचा आणि नंतरचा आकडा देऊन भागत नाही. शेजारच्या, तेवढाच पाऊस पडणाऱ्या आणि तशीच जमीन असलेल्या गावात त्याच काळात काय झालं, हे बघावं लागतं. त्या गावात बंधारे झाले पण नियम झाले नाहीत आणि तिथं पाणी टिकलं नाही, तर आपल्या म्हणण्याला वेगळंच वळण मिळतं. म्हणजे श्रेय सिमेंटपेक्षा ग्रामसभेला जास्त द्यावं लागेल.

वाक्य लिहिण्याची पद्धतही त्याप्रमाणे बदलते. "बंधाऱ्यांमुळे पाणी वाढले" याऐवजी "बंधारे झाल्यानंतरच्या काळात विहिरींची पातळी वाढलेली दिसते, मात्र याच काळात उपशावर निर्बंध आल्याने या वाढीत बंधाऱ्यांचा वाटा किती, हे केवळ या आकड्यांवरून ठरवता येत नाही."

इंजिनिअरला हे वाक्य गुळमुळीत वाटतं. "अरे, स्पष्ट बोल ना!" असं त्याला होतं. पण नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्याला विचारा. ड्रॉइंगवर नुसतं 25 मिलिमीटर लिहिलेलं चालतं का? त्यापुढं अधिक-उणे किती ते लिहावंच लागतं. टॉलरन्स लिहिणारा माणूस घाबरट नसतो. तो आपल्याला नक्की किती खात्री आहे, हे प्रामाणिकपणे सांगत असतो. "असे दिसते", "बहुधा", "या मर्यादेत" हे संशोधनाच्या भाषेतले टॉलरन्स आहेत. गरजेपेक्षा जास्त दिले तर जॉब ढिला होतो आणि दिलेच नाहीत तर तपासणीत रिजेक्ट होतो.

दुसरा शेरा : "हे आधी कोणी म्हटलंय का?"

रिपोर्टमध्ये आधीच्या कामाचा आढावा म्हणजे बहुतेक वेळा एक उरकायचं प्रकरण असतं. अमुकने 2008 मध्ये हे केलं, तमुकने 2012 मध्ये ते केलं, अशी जंत्री. किराणा मालाच्या यादीसारखी.

संशोधनात हा भाग म्हणजे पारावर चाललेल्या चर्चेत सामील होणं असतं. पारावर येऊन कोणी थेट स्वतःचंच सुरू करत नाही. आधी ऐकावं लागतं की इथं वाद कशावर चाललाय, कोण कोणत्या बाजूला आहे आणि कोणता मुद्दा अजून कोणी काढलाच नाही. मग आपण तोंड उघडायचं.

पाणलोटाच्या अभ्यासात असे जुने वाद आहेत. एक बाजू म्हणते, पाणी अडवा, गाव सुधारतं. दुसरी विचारते, वरच्या गावाने अडवलं तर खालच्या गावाला किती कमी पोचतं? तिसरी विचारते, वाढलेल्या पाण्याचा फायदा विहीर असलेल्यालाच झाला की भूमिहीनालाही? आपला बंधारा या तीनपैकी कोणत्या प्रश्नावर काही नवीन सांगतो, हे ठरलं की आढाव्याची जंत्री राहत नाही, तिला दिशा मिळते.

जॉन स्वेल्स नावाच्या भाषाभ्यासकाने हजारो संशोधकांच्या कामी आलेली एक साधी मांडणी 1990 मध्ये पुस्तकातून दिली. चांगल्या प्रस्तावनेत तीन पावलं असतात. पहिलं, हा विषय महत्त्वाचा का आहे आणि त्यावर काय काय माहीत आहे. दुसरं, त्यात कोणती जागा रिकामी आहे. तिसरं, ती जागा हा लेख कशी भरणार आहे. प्रस्तावना अडली की ही तीन पावलं कागदावर लिहून काढली तरी अर्धं काम होतं.

तिसरा शेरा : "म्हणजे नक्की काय?"

इंजिनिअरिंगमध्ये शब्दांचे अर्थ ठरलेले असतात. "क्युसेक" म्हटलं की वाद नाही. संशोधनात, विशेषतः समाजाशी संबंधित संशोधनात, रोजचेच शब्द घोटाळा करतात.

नगर जिल्ह्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. तेव्हापासून मुळा आणि भंडारदरा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, किती सोडायचं, यावर कोर्टापासून रास्ता रोकोपर्यंत सगळं झालंय. भांडणाच्या मुळाशी एक शब्द आहे, "समन्यायी". म्हणजे नक्की काय? जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे? लोकसंख्येप्रमाणे? पिण्याची गरज आधी धरून? की प्रत्येक धरणात सारख्याच टक्क्यांनी पाणी असणं?

प्रत्येक अर्थ घेतला की उत्तर वेगळं येतं. म्हणून संशोधनात पहिल्याच प्रकरणात सांगावं लागतं की या प्रबंधात "समन्यायी" हा शब्द या अर्थाने वापरलाय आणि तो अर्थ निवडण्याचं कारण हे. "विकास", "यशस्वी", "लोकसहभाग", "शेतकरी" या शब्दांचंही तसंच आहे. कोडिंग करणाऱ्यांनी असं समजावं की व्हेरिएबल आधी डिक्लेअर केलं नाही, तर पुढचा सगळा प्रोग्राम एरर देणार.

चौथा शेरा : "मग काय?"

हा सगळ्यात जिव्हारी लागणारा शेरा. पण तो अपमान नसतो, प्रश्न असतो.

विज्ञानातल्या शोधनिबंधाचे साधारण चार भाग असतात. प्रस्तावना, पद्धत, मिळालेले निकाल आणि चर्चा. टेक्निकल पार्श्वभूमीच्या माणसाचे मधले दोन भाग भक्कम असतात. पद्धत आणि निकाल तो झोपेतही लिहील. घोडं अडतं ते दोन टोकांना. प्रस्तावनेत "हे का शोधलं" आणि चर्चेत "सापडलं त्याचा अर्थ काय" हे सांगताना.

राहुरीसारख्या कृषी विद्यापीठात ठिबकवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. एका पद्धतीत पाणी कमी लागलं, उत्पन्न तेवढंच आलं. हा निकाल झाला. चर्चा इथून सुरू होते. हे हलक्या जमिनीतही होईल का? वाचलेलं पाणी शेतकरी खरंच वाचवेल, की त्याच पाण्यावर आणखी अर्धा एकर वाढवेल? आधीच्या अभ्यासांशी हे जुळतं का, जुळत नसेल तर का? आकडे स्वतः बोलत नाहीत, त्यांना बोलतं करावं लागतं.

कॉपी-पेस्टचं गणित

आणखी एक खड्डा आहे, ज्यात हुशार मुलंही पडतात. रिपोर्टमध्ये थिअरीचा भाग सीनियरच्या फाइलमधून उचलायची सवय अनेकांना असते. तिथं ते खपून जातं. संशोधनात मात्र ते महागात पडतं.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर, प्रमाणित समीकरणं यांची मोजणी त्यात होत नाही.

पण इथं एक गैरसमज आहे. टक्का कमी आला म्हणजे आपण सुटलो, असं नाही. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि नाव दिलं नाही, तर सॉफ्टवेअरला ती कदाचित सापडणार नाही, तरी ती चोरीच असते. आणि प्रबंध आता कपाटात धूळ खात पडत नाहीत. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आणि कृषी विद्यापीठांचे कृषिकोशवर ठेवले जातात. आज लिहिलेलं दहा वर्षांनीही कोणीही उघडून बघू शकतो.

मग टेक्निकल माणसाने या वाटेला जाऊच नये का?

उलट. मराठी माणसांतच याचं मोठं उदाहरण आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी.

1907 मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणितज्ञ. हार्वर्डमध्ये शिकले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं, 1945 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. हा माणूस इतिहासाकडे वळला तो तराजू घेऊन. प्राचीन काळची हजारो आहत नाणी त्यांनी वजन करून तपासली. विचार साधा होता. नाणं जितकी वर्षं हातोहात फिरतं, तितकं ते झिजतं. मग वजनातल्या घटीवरून कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे संख्याशास्त्राने काढता येईल.

पण कोसंबी वजनांच्या तक्त्यावर थांबले नाहीत. त्या झिजेवरून व्यापाराबद्दल, राज्यांबद्दल काय म्हणता येतं, इथपर्यंत ते गेले. 1956 च्या भारतीय इतिहासावरच्या त्यांच्या ग्रंथात सुरुवातीलाच त्यांनी इतिहास म्हणजे काय याची आपली व्याख्या दिली आणि मग पुढची मांडणी केली. म्हणजे वरच्या चारही शेऱ्यांची उत्तरं त्यात आहेत.

कोसंबींनी गणित सोडून इतिहास लिहिला नाही. ते गणित सोबत घेऊन आले आणि मांडणी करायची कला त्यात मिळवली.

सुरुवात कुठून करायची?

एक, लिहायला बसण्याआधी आपलं म्हणणं दोन वाक्यांत आईला किंवा गावातल्या मित्राला मराठीत सांगून बघायचं. सांगता आलं नाही, तर अडचण इंग्रजीची नाही, विचार अजून पिकलेला नाही. सांगता आलं, तर इंग्रजी हा नंतरचा आणि सोपा प्रश्न आहे.

दोन, आपल्या विषयातला एक चांगला शोधनिबंध घ्यायचा आणि मशीन खोलतो तसा खोलायचा. प्रत्येक परिच्छेदाशेजारी लिहायचं की हा परिच्छेद काय काम करतो. दावा करतो, पुरावा देतो, शंका मान्य करतो की पुढच्या मुद्द्याला जोडतो? असे पाच निबंध खोलले की सांगाडा आपोआप कळतो.

तीन, बुलेट पॉइंटची सवय थोडी बाजूला ठेवायची. बुलेटमध्ये मुद्दे एकमेकांशेजारी उभे राहतात, पण एकमेकांचा हात धरत नाहीत. "म्हणून", "मात्र", "तरीही", "याउलट" हे शब्द म्हणजे सांधे आहेत. ते लिहायला लागले की कुठं सांधा निखळलाय तेही दिसतं.

चार, वाचतानाच संदर्भ नोंदवायचे. झोटेरो किंवा मेंडेलीसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. शेवटच्या महिन्यात पान नंबर शोधत बसण्याचा त्रास ज्याने भोगलाय, त्याला याची किंमत विचारा.

पाच, पहिला मसुदा वाईट असतो हे मान्य करायचं. पहिल्याच रनमध्ये कोणाचा कोड चालत नाही. लाल शेरे म्हणजे नापास नव्हे, ते डीबगिंग आहे.

शेवटी, हे सगळं फक्त डिग्रीसाठी नाही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, प्रवरेचं खोरं, अकोल्याचा आदिवासी पट्टा. नगर जिल्ह्यावर बाहेरून येऊन अभ्यास करणारे खूप झाले. पण कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात आधी तळ लागतो, कोणता बंधारा कागदावर आहे आणि कोणता जागेवर, कोणत्या वस्तीला टँकर उशिरा पोचतो, हे इथंच वाढलेल्या आणि मोजायला शिकलेल्या पोरापोरींना जास्त चांगलं माहीत असतं.

ते माहीत असणं आणि ते जगाला मान्य करायला लावणं, यांच्यामध्ये फक्त त्या चार लाल शेऱ्यांचं अंतर आहे. अकोल्याचा तो मुलगा आपलं प्रकरण परत लिहायला बसेल तेव्हा त्याचा बंधारा तोच असेल आणि आकडेही तेच. फक्त "काय केलं" ऐवजी "हे का मानावं" असं तो लिहील. बाकी मोजमाप त्याचं पक्कंच आहे.